उचलून नेलेली खुर्ची

भिला मिस्तरीला राग चटकन यायचा नाही. यायला महिना लागो, वर्ष लागो. पण आला की तो मुक्कामालाच यायचा. एकोणीसशे सेहेचाळीसच्या जूनमध्ये त्याला जो राग आला, तो पाहून त्याची बायको तुळशीबाईसुद्धा घाबरली. आणि तो राग त्याच्या स्वतःसाठी नव्हता. सात समुद्रांपलीकडच्या, पोलंड नावाच्या मुलखातल्या एका माणसासाठी होता.

भिला नंदुरबारचा, तेल्याच्या घरातला. घाणा एक आणि भाऊ चार, म्हणून तो स्टेशनापलीकडच्या एका जिनिंग फॅक्टरीत लागला आणि दहा वर्षांत तिथल्या ऑइल इंजिनाचा मिस्तरी झाला. शिक्षण मराठी चौथी. इंजिनाची पुस्तकं इंग्रजीत असायची, ती त्याच्या कामाची नव्हती. तो कानाने काम करायचा. लाकडाची एक दांडी चालू इंजिनाच्या अंगाला टेकवायची, तिचं दुसरं टोक कानाजवळच्या हाडाला लावायचं आणि डोळे मिटून ऐकायचं. मग कुठलं बेअरिंग खायला लागलंय ते तो सांगायचा, आणि खोलून पाहिलं की तसंच निघायचं.

एक्केचाळीस साली मालकाच्या जावयाशी त्याचं बिनसलं. जावई म्हणाला, इंजिन बंद न करता पट्टा चढव. भिला म्हणाला, आधी तुम्ही चढवून दाखवा. नोकरी तिथेच संपली. तेव्हा धुळ्याला फौजेसाठी फिटरांची भरती चालली होती. विमानाचं इंजिन कसं असतं ते बघायची भिलाला ओढ होतीच. तो गेला, आणि महिन्याभरात कराचीजवळच्या एका मोठ्या हवाई तळावर खाकी कपडे घालून उभा राहिला.

तिथे विमानं खोक्यांतून यायची, जोडली जायची. थकलेली इंजिनं यायची, खोलून पुन्हा बांधली जायची. हात हिंदी फिटरांचे, पण 'ठीक आहे' म्हणून कागदावर सही करायची ती गोऱ्या सार्जंटने. बेचाळीसच्या सप्टेंबरात घरून पत्र आलं. नंदुरबारात शाळकरी पोरांची मिरवणूक निघाली होती, पोलिसांनी गोळ्या घातल्या, पोरं मेली. शेजारच्या रुक्मिणीबाईच्या भाच्याच्या गुडघ्यात गोळी शिरली, पाय वाचला पण वाकत नाही. पत्राच्या शेवटी तुळशीबाईने लिहवून घेतलं होतं की आळीतल्या बाया आता तिच्याशी बोलत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी भिला त्याच सरकारच्या विमानाचे नटबोल्ट आवळत होता. राग यायला नुकती सुरुवात झाली होती.

त्याच हिवाळ्यात तादेउश तळावर आला.

दुरुस्त झालेलं विमान पहिल्यांदा आकाशात नेऊन बघायचं, हे त्याचं काम. उंच, हडकुळा, डाव्या गालावर भाजल्याचा डाग. गोरा होता, पण गोऱ्यांच्या घोळक्यात कधी बसायचा नाही. त्याचं इंग्रजी ऐकून सार्जंट लोक तोंड फिरवून हसायचे. भिलाला त्याचं नाव धड म्हणता यायचं नाही, म्हणून त्याने त्याला आधी तादूसाहेब आणि पुढे तादूभाऊ करून टाकलं. उडायच्या आधी तादेउश इंजिन चालू करून खाली उतरायचा आणि पाच मिनिटं नुसता ऐकत उभा राहायचा. भिलाच्या ते पहिल्याच दिवशी लक्षात आलं.

एकदा एका विमानावर सार्जंटची सही झाली होती, तादेउश पट्टे बांधत होता. भिला पंखाजवळ गेला आणि मोडक्या हिंदीत म्हणाला, "साहेब, अंदरसे आवाज अच्छा नहीं."

सार्जंटने त्याला बाजूला व्हायला सांगितलं. तादेउशने इंजिन बंद केलं, खाली उतरला, भिलाच्या हातातली दांडी मागून घेतली आणि इंजिन पुन्हा चालू करायला लावून स्वतः ऐकलं. मग म्हणाला, खोला. सार्जंट तणतणला, वरपर्यंत तक्रार गेली. संध्याकाळी तेलाची गाळणी काढली तर तिच्यात बेअरिंगच्या धातूचा चुरा अभ्रकासारखा चमकत होता. वीस मिनिटं उडालं असतं तर इंजिन आकाशातच जाम झालं असतं. सार्जंटला कोणी काही विचारलं नाही. भिलाला मात्र ताकीद मिळाली की विमानाजवळ जाऊन वैमानिकाशी थेट बोलायचं नाही. त्या दिवसापासून तादेउश भिलाने ऐकल्याशिवाय एकही विमान उडवेना.

हळूहळू त्याची हकीकत भिलाला कळत गेली. एकोणचाळीस साली त्याच्या देशावर पश्चिमेकडून जर्मन आले आणि अडीच आठवड्यांनी पूर्वेकडून रशियन. देश दोघांनी वाटून घेतला. तादेउश रुमानियातून, फ्रान्समधून पळत पळत इंग्लंडला पोचला. तिथे आधी त्यांच्यावर विश्वासच ठेवला नाही कोणी. लढाया लढून आलेल्या वैमानिकांना तीनचाकी सायकलींवर बसवून मैदानात फिरवलं, इंग्रजी हुकूम समजतात का बघायला. मग चाळीसच्या उन्हाळ्यात जर्मन विमानं लंडनवर यायला लागली तशी सायकली बाजूला राहिल्या. तादेउशने चार विमानं पाडली. पाचव्याने त्याला पेटवलं. गाल जळला, एका डोळ्याला अंधूक दिसायला लागलं, म्हणून लढाईतून काढून या कामावर पाठवलं.

आणि त्याचं गाव पूर्वेकडचं. रशियनांनी त्याच्या आईबापांना आणि धाकट्या बहिणीला मालगाडीत कोंबून सैबेरियाकडे नेलं होतं. ती कुठे आहेत याचा तीन वर्षं पत्ता नव्हता.

त्रेचाळीसच्या सुरुवातीला कराचीला इराणकडून बोटी यायला लागल्या. जर्मनांनी रशियावरच हल्ला केल्यावर तिथून सुटलेल्या पोलिश बाया, मुलं, म्हातारी माणसं. शहराबाहेर त्यांच्यासाठी तंबू ठोकले होते. तादेउश दर सुट्टीला तिथे जायचा आणि प्रत्येक तंबूत डोकावून नाव विचारायचा. तिसऱ्या खेपेला भिलाही बरोबर होता. एका तंबूच्या सावलीत केस कापलेली, चौदा वर्षांची असून दहाची दिसणारी एक मुलगी कांदा सोलत बसली होती. तादेउशने नाव घेतलं. तिने वर पाहिलं, पण ओळखलं नाही. गाल जळलेला होता. त्याने आणखी काहीतरी म्हटलं, घरात तिला हाक मारायचे ते नाव असेल. मुलगी उठली आणि कांदा हातात तसाच धरून त्याच्यापाशी जाऊन उभी राहिली. बाप जंगलात लाकडं तोडताना मेला होता, आई रशियातून सुटल्यावर बोटीत बसायच्या आधी. मुलीचं नाव हेलेना. पुढे तिला इतर पोलिश लोकांबरोबर कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत पाठवलं.

पंचेचाळीसच्या फेब्रुवारीत बातमी आली. इंग्लंड, अमेरिका, रशिया या तीन मोठ्या देशांचे पुढारी कुठेतरी समुद्राकाठी बसले आणि त्यांनी लढाईनंतरच्या हद्दी ठरवल्या. पोलंडचा पूर्वेकडचा भाग रशियाला. तादेउशचं गाव त्यात गेलं. ठरवताना पोलंडचं कोणी तिथे नव्हतं. तादेउशने ते वर्तमानपत्र भिलासमोर धरलं, नकाशावर बोट ठेवलं. त्या दुपारी त्याला एक विमान तपासायचं होतं. त्याने ते नीट तपासलं आणि उतरवलं. भिला रात्रंदिवस विचार करत राहिला की हा माणूस अजून इंग्रजांची विमानं का उडवतो. मग त्याला सुचलं की हाच प्रश्न आपल्यालाही विचारता येईल.

सेहेचाळीसच्या सुरुवातीला भिलाची फौजेतून सुटका झाली. जिनिंग फॅक्टरीने परत घेतलं नाही. त्याने घराच्या पडवीत हत्यारं मांडली आणि तापीकाठच्या गावांत पंपांची इंजिनं दुरुस्त करत फिरू लागला. ब्राह्मणपुरीच्या गुजर शेतकऱ्यांकडे तर महिन्यातून चारदा. गावाबाहेर मान होता, आळीत नव्हता. पोरांवर गोळ्या घालणाऱ्यांची चाकरी करून आलेला, असं लोक त्याला ऐकू जाईल इतपत मोठ्याने म्हणायचे. रुक्मिणीबाई तर त्याच्या दारावरून जाताना पदर तोंडावर ओढून घ्यायची.

जूनच्या मध्यावर सुरतेकडून येणाऱ्या गाडीतून तादेउश उतरला. इंग्लंडला परत जायचा हुकूम होता. बोटीत बसण्यापूर्वी वळिवड्याला बहिणीला भेटायचं होतं आणि वाटेत वाकडी वाट करून भिलालाही. खाकी गणवेश, खांद्यावर एक पिशवी. तो भिलाच्या पडवीत बसला आणि निम्मी आळी दारात जमली. रुक्मिणीबाई पुढे आली. तिचा लंगडा भाचा मागे उभा होता.

"भिला, तुन्हा घरमा गोरा आना शे," ती म्हणाली. "मन्हा भाचाले गोळी घालनारा."

"इंग्रज नही शे तो, मावशी. त्याना देशच लेई लिधा."

"कोनी?"

"आधी दोन जनसनी वाटी लिधा. मंग ज्यासना करता हाऊ लढना, त्यासनी त्यानं गाव देई टाकं."

"कोनले दिधं?"

"ज्यासनी त्यान्या मायबापले घरमाईन उचली नेलं, त्यासलेच."

रुक्मिणीबाईने तादेउशकडे बराच वेळ पाहिलं. गालावरचा डाग पाहिला. मग घरी गेली आणि ज्वारी-उडदाच्या पिठाची कळण्याची भाकरी, वर मिरचीचा ठेचा घेऊन आली. तो ठेचा खाऊन तादेउशच्या डोळ्यांत पाणी आलं तरी त्याने ताटात काही ठेवलं नाही. त्यानंतर ती तुळशीबाईशी बोलायला लागली.

तादेउशने पिशवीतून दोन कागद काढले. एक पोलिश भाषेत छापलेला, विलायतेच्या मंत्र्याच्या सहीचा, परदेशातल्या प्रत्येक पोलिश शिपायाला पाठवलेला. त्याचा अर्थ एवढाच होता की लढाई संपली, आता तुम्ही आपल्या देशात परत जावं हे बरं. दुसरं कात्रण वर्तमानपत्राचं. आठ जूनला लंडनमध्ये विजयाची मोठी मिरवणूक निघाली होती. कुठकुठल्या देशांचे शिपाई चालले, त्यांची लांबलचक नावं होती. पोलंडच्या फौजेला बोलावणंच नव्हतं. मूठभर वैमानिकांना तेवढं बोलावलं होतं. ते म्हणाले, आमच्या बाकीच्या भावांना बोलावणं नाही, तर आम्हीही येणार नाही. रशियाला वाईट वाटू नये म्हणून ही व्यवस्था, असं तादेउश म्हणाला. एवढं सांगताना त्याने पहिल्यांदा हसल्यासारखं केलं.

भिलाने ते कात्रण हातात घेतलं. इंग्रजी त्याला वाचता येत नव्हतं, पण तो ओळीन् ओळ बोट फिरवत राहिला, जणू एखाद्या ओळीत ते नाव सापडेलच.

नेमका दुसऱ्या दिवशी नंदुरबारात सत्कार होता. गावातल्या काही बड्या लोकांनी विजय-सत्कार समिती काढली होती; अध्यक्ष कापसाचे एक अडते, रावसाहेब. लढाईवरून आलेल्यांना बिल्ला आणि मानपत्र द्यायचं, धुळ्याहून एक गोरा पाहुणा येणार, असा बेत. भिलाचं नाव यादीत होतं. त्याला जायचं नव्हतंच. पण समितीच्या चिटणिसाला, शांतीलालला, कुठून तरी कळलं की चार जर्मन विमानं पाडणारा वैमानिक भिलाच्या घरी उतरलाय. तो स्वतः टांगा घेऊन आला, हात जोडले, साहेबांनी आलंच पाहिजे म्हणाला. तादेउश नको म्हणत होता. भिलाच म्हणाला, चल. लंडनमध्ये नाही तर नाही, नंदुरबारात तरी तुला खुर्चीवर बसलेला बघू दे.

मांडवात पहिल्या रांगेत गादीच्या खुर्च्या होत्या. शांतीलालने तादेउशला पाहुण्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं आणि कौतुकाने सगळ्यांना सांगत सुटला. थोड्या वेळाने पाहुणा आला. त्याने तादेउशच्या बाहीवरचं, खांद्याजवळ शिवलेलं देशाचं नाव वाचलं. रावसाहेबांना बाजूला घेऊन हळू आवाजात काही बोलला. रावसाहेब शांतीलालशी बोलले. शांतीलालचा चेहरा उतरला.

तो भिलाकडे आला आणि सांगू लागला की गैरसमज नको, पण पोलंडच्या लोकांबद्दल वरून काही सूचना नाही. आजच्या कार्यक्रमात त्यांचा उल्लेख झाला, वर्तमानपत्रात आलं, तर उगाच नसती चर्चा. साहेबांनी मागे, प्रेक्षकांत बसावं. तेवढ्यात दोन माणसांनी तादेउश उठेपर्यंतही न थांबता खुर्चीच्या पाठीला हात घातला. तादेउश उठला. ते खुर्ची उचलून घेऊन गेले आणि तिथली जागा भरून काढायला बाकीच्या खुर्च्या थोड्या थोड्या सरकवल्या, की आता पाहणाऱ्याला तिथे कधी कोणी बसलं होतं असं वाटूही नये.

तादेउश मागे जाऊन मांडवाच्या खांबाला टेकून उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. त्याला सवय झाली होती, आणि ती सवय पाहून भिलाचं डोकं फुटायची वेळ आली.

तिसरं नाव भिलाचं पुकारलं. तो उठला, मंचापर्यंत गेला. रावसाहेबांनी बिल्ल्याची डबी पुढे केली. भिलाने हात पुढे केले नाहीत.

"मन्हं नाव काढी टाका," तो म्हणाला.

रावसाहेबांना ऐकू आलं नसावं. ते पुन्हा डबी पुढे करू लागले. मग भिला वळला आणि मांडवातल्या लोकांकडे तोंड करून बोलला. आवाज चढवला नव्हता, पण मांडवात सगळ्यांना ऐकू गेला.

"बेचाळीसमा आपला गावनी पोरं मारी टाकी. त्यासनं नाव आज कोनी लिधं का? तो मांगे उभा शे, त्यानी यासन्याकरता आपलं तोंड जाळी लिधं. त्याले बठाले खुर्ची नही. मंग हाऊ बिल्ला कोन जिंकना त्याना शे?"

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक पोलीस जागेवरून हलला, पण रावसाहेबांनी त्याला खुणेने थांबवलं. पाहुण्यासमोर गोंधळ नको होता. भिला मंचावरून उतरला, तादेउशच्या दंडाला धरलं आणि दोघे बाहेर पडले. मागून तुळशीबाई उठली. तिच्यामागून रुक्मिणीबाई, आणि तिचा न वाकणाऱ्या पायाचा भाचा. घरी पोचल्यावर तादेउश त्याला म्हणाला की त्याने हे करायला नको होतं, पोलीस त्रास देतील. पोलीस आले, दोनदा, तादेउशचे कागद तपासून गेले आणि चोवीस तासांत गाव सोडायला सांगून गेले. तसाही तो जाणारच होता.

पुढचं तादेउशच्या इंग्लंडहून येणाऱ्या पत्रांतून कळलं. पत्रं इंग्रजीत यायची, पोस्टमास्तर वाचून दाखवायचे. लोखंडी पत्र्याच्या अर्धगोल झोपड्यांत ठेवलंय. पुनर्वसनाच्या कचेरीत विचारलं, काय येतं? म्हटलं, विमान उडवता येतं. लिहून घेणारा म्हणाला, दुसरं काही? मग वीटभट्टीवर पाठवलं. तिथले मजूर म्हणतात, लढाई संपली, आता घरी जा, आमच्या तोंडचा घास नको. गावातल्या एका भिंतीवरही कोणी तेच लिहून ठेवलंय. त्याच्या पथकातला एक मित्र खरंच घरी गेला. उतरल्यावर त्याला इंग्रजांचा हेर म्हणून तुरुंगात टाकलं. तादेउश लिहायचा, मी कोणावर रागावू तेच कळत नाही. भिला पोस्टमास्तरांना म्हणायचा, लिहा, मी रागावतो, तू फक्त जेवत जा.

अठ्ठेचाळीसच्या जानेवारीत पत्र आलं की हेलेनाला इंग्लंडला यायची परवानगी मिळाली. मुंबईहून बोट. तादेउशला येणं शक्य नव्हतं. त्याने विचारलं होतं, भिला तिला धक्क्यावर भेटेल का. तिला निरोप द्यायला कोणीच नाही.

भिला आणि तुळशीबाई दोघेही गेले. हेलेना आता एकोणीस वर्षांची, उंच, वळिवड्यात पाच वर्षं काढून कोल्हापुरी वळणाचं मराठी बोलणारी. तुळशीबाईने तिच्यासाठी तिळाचे लाडू आणि एक घोंगडी आणली होती. धक्क्याच्या छपरात एक टेबल मांडलेलं, टेबलामागे एक कारकून. आता राज्य आपलं होतं, कारकूनही आपला. त्याने हेलेनाला जन्मगाव विचारलं. तिने सांगितलं. त्याने समोरच्या यादीत शोधलं आणि म्हणाला, हे गाव आता रशियात आहे. देशाच्या रकान्यात तो रशिया लिहू लागला.

हेलेना म्हणाली, "नाही. पोलंड."

कारकून म्हणाला की कागदावर जे आहे तेच लिहावं लागतं, त्याला बाकीची भानगड माहीत नाही. हेलेना गप्प झाली. रांगेत मागे माणसं होती, बोट लागलेली होती, आणि तिलाही सवय होती.

भिलाने टेबलाच्या कडेवर दोन्ही हात ठेवले. एवढ्या वर्षांच्या तेलाने काळी झालेली नखं, बोटांवर पान्याचे घट्टे. तो कारकुनाला समजेल अशा मराठीत म्हणाला, "ती काय सांगते ते लिहा. मी इथून हलणार नाही."

कारकुनाने विचारलं, तुम्ही कोण हिचे?

"तिच्या भावाचा फिटर," भिला म्हणाला.

कारकुनाला हे काय नातं ते कळलं नाही. त्याने पहारेकऱ्याकडे पाहिलं. पहारेकरी दूर होता, आणि तुळशीबाईही आता नवऱ्याच्या शेजारी येऊन उभी राहिली होती. रांगेतली एक म्हातारी पोलिश बाई काहीतरी मोठ्याने बोलली, आणि तिच्यामागची माणसं पुढे सरकली. कारकुनाने कपाळाला हात लावला, लिहिलेली दोन अक्षरं खोडली आणि पोलंड लिहिलं. भिलाने ते वाचायला सांगितलं. त्याने वाचून दाखवलं. मग भिलाने टेबलावरचे हात काढले.

हेलेनाने तुळशीबाईच्या पाया पडायचा प्रयत्न केला, तो तिने अर्ध्यावरच अडवला. घोंगडी खांद्यावर टाकून हेलेना बोटीची शिडी चढून गेली.

परतीच्या वाटेवर सुरतेला गाडी बदलताना तुळशीबाईने विचारलं, आता तरी मन शांत झालं का. भिला म्हणाला, एका रकान्यात एक नाव लिहवून घ्यायला चार माणसं टेबलाशी उभी करावी लागली, यात शांत होण्यासारखं काय आहे. मग तो पाणी आणायला नळाकडे गेला, आणि तुळशीबाई नंदुरबारच्या गाडीत जागा धरायला.